जागल्याची चप्पल

त्या दुपारी मावशी धुतलेल्या चादरी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होती, यात नवल असं काहीच नव्हतं. चादरी रोज धुतल्या जात, आणि रोज त्या वर नेताना मावशी लिफ्ट न बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. बाहेर आभाळ दाटून आलं होतं. भर दुपारी जिन्यातला दिवा लावावा लागला होता.

ते घर एका संस्थेचं. पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं झोपलेल्या माणसांना तिथं खोली मिळे, स्वतःची. आधी नशा सोड मग दार उघडतो, असली अट नव्हती. सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस जगला पाहिजे, एवढंच तिथं बघत. म्हणून स्वच्छ सुया मिळत, सिस्टर जखमा बांधून देई, आणि कुणाचा श्वास अडकलाच तर नाकात मारायचा फवारा मावशीच्या कमरेच्या पिशवीत कायम असे. नियम एकच, पण तो सगळ्यांना तोंडपाठ: एकट्यानं घ्यायचं नाही.

मावशीकडे घराची देखभाल होती. तिच्या बापाच्या वयाचे रहिवासीही तिला मावशीच म्हणत.

त्यांतलाच एक जागल्या. उभा जन्म रस्त्यावर काढलेला हा म्हातारा खोली मिळाल्यावरही गस्त घालायचं सोडीना. या घराची दारं जड, आगीच्या नियमासाठी बसवलेली. हात काढला की आपोआप लागत. नवा माणूस आला की जागल्या त्याच्या दाराच्या फटीत आपली एक चप्पल अडकवी आणि दुसरीवर घरभर फिरे. चपलेचा एक पाय, अनवाणी एक पाय. फट्... थप्. फट्... थप्. दाढदुखीसाठी तो लवंगेचं तेल लावी, त्यामुळे तो येण्याआधी त्याचा वास यायचा.

दारं बंद ठेवा, असा वरून हुकूम होता. मावशी सकाळी ती चप्पल काढून त्याच्या हातात देई.

"बाबा, पायातली वहाण पायातच बरी."

"पायात राहिली तर एकाचाच पाय राखते," तो म्हणे. "दार लागलं की आतला माणूस आहे की गेला, बाहेरच्याला कळत नाही, मावशी."

थंडी सरता सरता जागल्या झोपेत गेला. दार लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. त्याच्या एका पायात चप्पल होती. दुसरी सगळं घर पालथं घातलं तरी सापडली नाही.

त्या दुपारी चादरींच्या वरच्या घडीत मावशीनं एक जाड रजई मुद्दाम ठेवली होती. ती तिच्या धाकट्या भावासाठी. भाऊ कालच या घरात राहायला आला होता. किती वर्षं तिनं त्याला गल्लोगल्ली शोधला होता, ते तिचं तिलाच ठाऊक. आता तो उपचार घेऊन, बरेच दिवस नशेपासून लांब राहून आला होता, आणि मावशीला त्याचीच धास्ती होती. सवय सुटलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही. या घरातून उचलून न्यावी लागलेली माणसं बहुतेक अशीच गेलेली.

काल तिनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "घेऊ नकोस असं म्हणत नाही मी. पण घ्यावंसं वाटलं तर मला हाक मार. मी शेजारी बसेन, चकार शब्द बोलणार नाही."

भावानं मान खाली घातली. "इतरांसमोर चालेल गं. तुझ्यासमोर कसं करू, ताई?"

मग त्यानं दाराला हात लावून पाहिलं होतं. "आतून कडी आहे?"

"आहे. तुझी खोली, तुझी कडी."

ते ऐकून तो लहानपणीसारखा हसला होता. त्या हसण्यापुढे मावशीचं काही चाललं नाही. बाहेरून पातळ पट्टी घालून कडी काढता येते, वेळ लागतो पण निघते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. माणसं दुपारची बाहेर पडलेली. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. मावशीनं चादरी कपाटात ठेवायला घेतल्या, आणि तिला लवंगेचा वास आला.

सिस्टरनं कुणाची दाढ बघितली असेल, ती मनाशी म्हणाली.

फट्... थप्.

आवाज बोळाच्या त्या टोकाकडून येत होता. मावशीचे हात चादरीवरच थांबले. फट्... थप्. फट्... थप्. घाई नाही, गडबड नाही, रोजच्या गस्तीची चाल. बोळात कुणीही नव्हतं. आवाज मात्र तिच्या अंगावरून गेला. इतक्या जवळून, की पदर हलला. मग तो थांबला.

"...बाबा?" तिच्या तोंडून निघालं.

तो थांबला होता भावाच्या दारापाशी. आणि ते दार उघडं होतं. चपलेच्या रुंदीइतकंच. दार आपोआप लावणारा वरचा लोखंडी दांडा ते ओढून घ्यायला करकरत होता, पण दार जागचं हलत नव्हतं. फटीत काहीच नव्हतं.

भीतीनं पाचावर धारण बसायची वेळ होती, पण मावशीला त्या फटीतून घोरण्यासारखी घरघर ऐकू आली. असलं घोरणं तिनं यापूर्वी ऐकलं होतं. ती धावली.

भाऊ पलंगाला टेकून बसल्या जागी कलंडला होता. ओठ निळे. तिनं त्याला आडवा केला, मान मागे केली, नाकात फवारा मारला, ओरडली, "सिस्टर! वर या, सिस्टर!" आणि त्याच्या तोंडात आपला श्वास भरू लागली. छाती वर येई, खाली जाई, आणि तशीच पडून राही. पुन्हा. पुन्हा. "अरे ऊठ रे," ती मध्येच म्हणे, "आईला मी काय तोंड दाखवू... ऊठ." आणि सगळा वेळ तिच्या पाठीशी दार तसंच करकरत उघडं होतं. लवंगेचा वास इतका दाट, जणू कुणी खांद्यावरून वाकून बघतंय. मावशीला त्या क्षणी भय वाटलं नाही. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर बोलणं आपोआप बंद होतं, तसं काहीतरी वाटलं.

भावानं मोठा, खरखरीत श्वास घेतला. आपला, स्वतःचा.

त्याच क्षणी मागे दार धाडकन लागलं.

जिन्यात पावलं वाजली. दारावर थाप पडली, मग धक्का.

"मावशी! आतून कडी का लावलीत? उघडा!"

मावशीनं वळून पाहिलं. कडी लागलेली होती. ती घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली.

भाऊ वाचला. संध्याकाळी सिस्टर त्याची नाडी बघत असताना तो पुटपुटला, "चुकलं, ताई. कडी लावली... तुला दिसू नये म्हणून."

"केव्हा लावलीस?"

"घ्यायच्या आधीच. दोनदा ओढून बघितली." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मग तू आत कशी आलीस?"

मावशीनं त्याच्या अंगावर रजई ओढली, पायातली एक चप्पल काढली आणि दाराच्या फटीत अडकवली. हुकूम गेला चुलीत. मग खुर्ची ओढून ती भावाच्या उशाशी बसली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

सकाळी भाऊ शांत झोपला होता, श्वास लयीत. दाराच्या फटीत मावशीची चप्पल नव्हती. तरी दार उघडं होतं, कारण फटीत दुसरीच एक चप्पल होती: जुनी, निळी, तारेनं पट्टा सांधलेली. मावशीनं वाकून तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मग ती आपली चप्पल शोधत बोळातून निघाली. ती सापडली अगदी टोकाला, महिनाभर कुलूप असलेल्या खोलीच्या दारात. कुलूप खाली पडलं होतं, आणि फटीत तिची चप्पल नीट बसवलेली होती.

ती खोली रिकामी होती. तिथं राहायला येणारी मुलगी आज दुपारी यायची होती.

मावशीनं चप्पल काढली नाही. कमरेच्या पिशवीतला फवारा चाचपला, आणि त्या दारापाशी एक खुर्ची आणून ठेवली.