हल्लू उपटा

हैदराबादेत, तारनाक्याच्या त्या बैठ्या घरात शशिकांतराव रोज एकच रोप उपटायचे. आषाढापासून अंगणात सीताफळाची रोपं नुसती माजली होती. ही सगळी त्यांच्या बायकोची, जयवंताबाईंची करणी. गेल्या हंगामात पायरीवर बसून त्यांनी टोपल्यांनी सीताफळं खाल्ली, बिया अंगणात उडवल्या, आणि दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

बाई असत्या तर दिवेलागणीला त्यांनी झाडाला हात लावू दिला नसता. झाडं निजतात म्हणायच्या. शशिकांतराव विसरले. पहिलं रोप त्यांनी तिन्हीसांजेलाच ओढलं. ओल्या मातीचा वास आला आणि पाठीमागून, अगदी कानाशी...

“अहो... हल्लू.”

हळू नव्हे, हल्लू. हिमायतनगरात वाढलेल्या बाईंचा तो खास हैदराबादी शब्द. शशिकांतराव घाबरून घरात पळाले आणि मग उशीत तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून ते रोपं पुरवून पुरवून उपटत. एका रोपाला एक हाक. रोपं संपली की बाई संपल्या.

लेकीला हे काय सांगणार? शिल्पा माहेरी आली आणि तिला भिंतीच्या पायाला गेलेली चीर दिसली.

“क्या हाल करके रखे, नाना! ही मुळं चिरेत शिरून घर पाडतील की.”

“राहू दे गं. मी काढतो, हल्लू हल्लू.”

त्या दिवशी ते गोळ्या आणायला कोठीच्या बाजारात गेले. परतेपर्यंत अंधारलं. फाटक उघडलं तर अंगण बोडकं, कोपऱ्यात रोपांचा ढीग, आणि शिल्पा नळावर हात धूत होती.

“मुळासकट काढली सगळी!”

त्यांच्या हातातली पिशवी गळाली. “तुला... काही ऐकू आलं?”

“काही नाही. शेजारच्या काकू तेवढ्या सारख्या ‘अहो, अहो’ करत होत्या. रडवेला आवाज. काका ओच देईनात... मग बारीक होत होत थांबल्या.”

शेजारच्या घराला उन्हाळ्यापासून कुलूप होतं. शशिकांतराव पायरीवर बसले. बाईंनी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, असं जन्मात झालं नव्हतं.

“अगं, आलो मी,” ते पुटपुटले. अंगण गप्प.

उठताना तळव्याला काही टोचलं. सीताफळाची बी. बाजारात अजून फळ आलेलं नव्हतं, तरी तिला पांढरा गर चिकटलेला होता. बी कोमट होती.

शशिकांतरावांनी ती भिंतीच्या चिरेत खोचली. अगदी हल्लू.