सदतीस अंशांवर थांबलेली टाकी

ही गोष्ट खोटी ठरली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत हे घडलं. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी तीन वाजता.

मामा उष्णता साठवण्याच्या कारखान्यात फोरमन होता. तिथं एका मोठ्या टाकीत चाळीस टन अ‍ॅल्युमिनियम भरलेलं असायचं. वीज स्वस्त असेल तेव्हा ते वितळवायचं. गोठताना ते जी उष्णता सोडतं, तिची वाफ करून शेजारच्या हॉस्पिटलला द्यायची.

टाकीच्या पोटात काय चाललंय ते मामा पान्याने भिंत ठोकून ओळखायचा. थप्प आवाज आला तर धातू पातळ, ठण्ण आला तर गोठलेला. त्याचा कान कधी चुकत नसे.

एकदाच चुकला.

मामीचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली होता. चांगला सहा फूट उंच, पण घरातलं शेंडेफळ, म्हणून सगळ्यांचा बारक्या. टाकी दुरुस्तीसाठी थंड करायला घेतली होती. तापमान मोजायची सळई वरून ओढून काढायची होती. मामाने खालून ठोकलं. ठण्ण.

"अडकलीय रे," मामा म्हणाला. "सगळा जोर लाव."

गोठला होता तो फक्त भिंतीलगतचा थर. मधे धातू पातळच होता. सळई अलगद सुटली... आणि उघड्या झाकणाच्या काठावर उभ्या बारक्याचा तोल आत गेला.

बाहेर काढण्यासारखं काही उरलं नाही.

मामीने मामाला बोल लावला नाही. एकच म्हणाली, "त्याला पुन्हा तापवू नका हो." मामाने शब्द दिला.

तो साहेबांच्या हातापाया पडला. टाकी कापा म्हणाला. चाळीस टनांचा गोळा कापायचा कशाने, साहेबांनी विचारलं. त्यांचंही खरंच होतं.

टाकी बारा दिवस निवत होती. चारशे... दोनशे... ऐंशी.

बाराव्या दिवशी आकडा सदतीसवर आला आणि थांबला.

धातू गोठताना आकडा थांबतो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. पण हा तर कधीचा गोठून दगड झाला होता. बाहेर चोवीस अंश होतं. मीटर बदललं.

सदतीस.

मामाने भिंतीला हात लावला. माणसाच्या अंगाइतकीच कोमट होती. त्याने हात चटकन काढून घेतला.

दुपारी हुकूम आला. हॉस्पिटलचा तात्पुरता बॉयलर बंद पडलाय, टाकी सुरू करा. मामाने नाही-नाही म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, तिथं ऑपरेशनं अडलीत, त्यांच्या घरच्यांना तू जाऊन सांग.

सुरू करण्याआधीचा एक नियम होता. भिंतीवर तीनदा ठोकायचं. धातूच्या वरच्या पोकळीत कोणी कामाला उतरलेलं असेल, तर तो आतून दोनदा ठोकणार. उत्तर आलं तर बटण दाबायचं नाही.

मामाने ठोकलं. एक, दोन, तीन.

शांतता...

आणि आतून, दोनदा.

शेजारी उभा असलेला वायरमन पांढराफटक पडला. झाकण उघडून बॅटरी मारली. आत कोणी नव्हतं. "लोखंड आकसतं, त्याचा आवाज," वायरमन म्हणाला, पण मामाकडे न बघता.

साहेब घड्याळ बघत होते. मामाने बटण दाबलं. स्वतःच्या हाताने.

आतून पुन्हा दोनदा. मग पुन्हा. मग घाईघाईने, एकामागून एक... आकडा सदतीसच.

मग अडतीस झाला, आणि आवाज थांबला.

घरी मामीने दार उघडलं. त्याचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

"ठोकलं होतंत ना आधी?"

"हो."

"उत्तर आलं?"

"नाही," मामा म्हणाला.

त्या दिवसापासून मामाने पाना हातात धरला नाही. मामी त्याच्याशी बोलते, वाढते, औषध देते. तो विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

आता मी तिथं नोकरीला आहे. टाकी वर्षातून एकदा थंड करतात. दर वर्षी आकडा सदतीसवर थांबतो. पहिल्या वर्षी तीन तास थांबला होता, गेल्या वर्षी अकरा. नवी पोरं त्याला जेवणाची सुट्टी म्हणतात. मामा मला एवढंच विचारतो, किती वेळ थांबला? मी वेळ कमी करून सांगतो.

परवा टाकी पुन्हा सुरू करायची आहे. मामानंतर ठोकणारा वायरमन निवृत्त झाला.

ठोकायची पाळी माझी आहे. बटण दाबायचीही.