बागेचं दार

काठ

गोधडी काठापासून शिवायची. फेऱ्या घालत आत सरकायचं, आणि पोट, म्हणजे मधली चौकट, सगळ्यात शेवटी बंद करायचं. शिरड शहापुरात बायका अशाच शिवतात. म्हणून साधनानं कुंपण आधी घातलं. जुन्या तपकिरी परकराच्या पट्ट्या, चारी बाजूंनी. आत थोरल्या जावेची, निर्मलाबाईंची, परसबाग उतरवायची होती. दोडक्याचा वेल, अबोली, कोपऱ्यात गवती चहा. बचत गटाला हिंगोलीच्या प्रदर्शनात टांगायला गोधडी हवी होती.

"भिंतीला थंडी वाजती काय गं?" चतुराबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. गटातली ती सगळ्यात जुनी शिवणारी.

साधना हसली. तिचं लक्ष पानांकडे होतं. हिरवं कापड संपलं होतं.

पानं

निर्मलाबाईंच्या ट्रंकेत पोपटी लुगडं होतं. निर्मलाबाई नांदेडला दवाखान्यात. घरच्यांना बाहेर बोलावून डॉक्टर म्हणाले होते, तयारी ठेवा.

साधनानं कात्री चालवली.

जित्या बाईचं लुगडं कापायचं तर पहिला टाका तिच्या हातचा घ्यावा लागतो. पोरीसोरींनाही हे ठाऊक असतं.

"पोपटी कोणाचं?" चतुराबाईनं विचारलं.

"जवळा बाजारला घावलं. चिंध्यांत."

चतुराबाईनं पान बोटांत चोळून पाहिलं.

वेल

निर्मलाबाईंच्या पोराचा, संतोषचा, फोन आला. "ताप उतरला, काकू. आई बोलून राहिली. घ्या."

जाऊ वाचली होती, आणि साधनाला आधी लुगडं आठवलं.

"दोडका उजव्या अंगाला काहून लावलास गं? आपला तर डाव्या अंगाला, न्हाणीपाशी," निर्मलाबाई म्हणाल्या.

साधना मागच्या दारात गेली. दोडका न्हाणीपाशीच होता. गोधडीवर मात्र तिनं तो सकाळी उजव्या अंगाला शिवला होता.

पुढल्या फोनला निर्मलाबाई म्हणाल्या, "अबोली लई दाट केलीस. पाय ठेवायला जागा न्हाई." मागं दवाखान्याची गडबड ऐकू येत नव्हती. परसात घुमतो तसा होला पक्षी घुमत होता.

कुंपण

"बाग झ्याक झाली, साधना. पण दार कुठं ठेवलंस?" तिसऱ्या फोनला निर्मलाबाईंनी विचारलं.

"बाई, तुमी... कुठं हाव?"

"दोनदा फिरून आले. संतोष तिकडून हाका मारून राहिलाय. भूक बी लागली."

साधनानं गोधडी पुढ्यात ओढली. कुंपण सलग होतं. एक पट्टी उसवली की दार होणार होतं. तिनं कात्रीचं टोक घातलं. तीन टाके निघाले.

"काहून उसवून राहिलीस?" चतुराबाई उंबऱ्यात उभी होती. "उद्या गाडी येती न्यायला."

खरं कारण सांगितलं असतं तर लुगडं कापल्याचंही सांगावं लागलं असतं.

"दोरा ताणला व्हता," साधना म्हणाली.

चतुराबाईच्या देखत तिनं ते तीन टाके परत घातले. दुहेरी दोऱ्यानं.

पोट

"उपाशी पोट शिवू नये," म्हणत चतुराबाईनं मधल्या चौकटीत चिमूटभर ज्वारी ठेवली. साधनानं कड दुमडली.

फोन वाजत होता.

तिनं शेवटची गाठ मारली. फोन थांबला.

उलटी बाजू

निर्मलाबाई घरी आल्या. गाडीतून आपल्या पायांनी उतरल्या. सगळ्यांना नावानं हाका मारल्या. ओट्यावर बसून चहा घेतला. जन्माच्या डावऱ्या, कप उजव्या हातानं धरला.

परसात नेलं तेव्हा म्हणाल्या, "चांगली हाय. कोणाची बाग?"

लुगड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. कधी विचारतील म्हणून साधना रोज त्यांच्या समोर बसून राहते.

प्रदर्शनातून गोधडी परत आली. खोलीचं दार लावून साधनानं ती उलटी पसरली.

कुंपणाच्या आतल्या कडेनं पोपटी टाके गेले होते. तिचे नव्हते. डाव्या हाताचे, उलटे कललेले. कुंपणाला धरून पुरती फेरी. मग आणखी एक.

त्या तीन टाक्यांपाशी ते एकावर एक साचले होते. कापड तिथं झिजून विरलं होतं.

तिथून रांग मागं वळून मध्याकडे गेली होती.

साधनानं मधली चौकट चाचपली. तिची गाठ तशीच होती. कड कुठं सुटली नव्हती.

आत ज्वारी नव्हती.