आसाखालचा कंदील

तो कंदील आधी वरच्या खुंटीला टांगा, मग सांगतो.

निजामाच्या राज्यात मी लॉरी चालवायचो. धाकटा भाऊ राघोबा सोबतीला. एकदा गुलबर्ग्याहून तुरीची पोती घेऊन बिदरला निघालो आणि कमठाण्याअलीकडच्या लाल मातीच्या उतारावर, दिवेलागणीला, मागचं चाक बसलं. राघोबा जॅक घेऊन गाडीखाली शिरला. त्याला उजेड हवा, मागून येणाऱ्यालाही गाडी दिसायला हवी. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी कंदील मागच्या आसाखाली टांगला.

शेतातून एक म्हातारी आली. रुद्रम्मा तिचं नाव. पाणी मागितलं तर तोंड फिरवून म्हणाली, "लॉरीवाल्याला पाणी न्हाई. कंदील वर बांध."

"कामून?"

तिनं सांगितलं. इकडं बैलगाड्या ओळीनं चालतात. गाडीवान झोपतो, बैल पुढच्या गाडीच्या आसाखालचा कंदील बघत जातात. गेल्या साली इथंच एका बंद लॉरीखाली असाच कंदील होता. तिच्या पोराचे बैल त्यामागं आले. उतारावर भरलेली गाडी आवरली नाही, लॉरीवर आदळली. पोरगा गेला, बैलही गेले.

"ते अजून येत्यात," ती म्हणाली. "तुझा भाऊ मेला तर मला बरंच वाटंल."

एवढं बोलून ती शेतात निघून गेली. माझं डोकं तापलं होतं, तरी कंदील काढायला वाकलो. पण राघोबा खालून ओरडला की थोडंच राहिलंय, उजेड हलवू नको.

मग घुंगरं ऐकू आली. रस्ता रिकामा, पण बैलांच्या घामाचा वास अगदी नाकाशी... आसाखालचा कंदील हलू लागला.

"राघोबा... भाईर ये."

मी वाकून कंदील फुंकला. घुंगरं थांबली. अंधारात राघोबा हातापायांवर बाहेर आला आणि तसाच उताराकडं निघाला, मागं ओझं ओढत असल्यासारखा. खूप खाली एक उजेड जमिनीलगत झुलत होता.

"दादा... पुढचा कंदील दिसायलाय."

मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. भीतीनं मला रडू फुटलं. कसाबसा ओढत आणून लॉरीचे मोठे दिवे लावले, तेव्हा खालचा उजेड गेला. राघोबाच्या मानेवर जू घासल्याची ओली जखम होती.

तो आत झोपलाय. कडी मी बाहेरून घालतो. तरी कुणी खाली कंदील ठेवला, की सकाळी त्याच्या तळहातांना लाल माती असते.

आमच्या औरादला तर सगळी काळीच माती.