लालकान्यांची जागा

"अहो बाई, नांगर काय माशांच्या डोक्यातच घालताय!"

मी माझ्या होडीत दचकून वळले. लव्हाळ्यांआडून एक होडी येत होती. तीत उन्हानं रापलेला, गळाची लांब काठी गुडघ्यांवर आडवी धरलेला तरुण. आवाज चिडलेला, पण डोळ्यांत... छे, राग कुठला!

"कलिंगडासारखा वास आला म्हणून थांबले," मी म्हटलं. "लालकाने मासे अंडी घालतात तिथं असाच वास येतो ना?"

"नाक तिखट आहे तुमचं. पण त्यांच्या खळग्यांवरच नांगर टाकलात. आता तासभर एक फिरकायचा नाही!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॅडींचे दिवस किती उरलेत, हे डॉक्टरही सांगत नव्हते. आठवडाभर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि काल एकदम म्हणाले, "ड्रू, लालकाना तळून दे गं." हा मासा बाजारात मिळत नाही. तळ्यावरच यावं लागतं.

हे सगळं मी त्याला सांगून टाकलं. हॉलिस त्याचं नाव. त्यानं माझा नांगर अलगद वर घेतला, दोन्ही होड्या जरा लांब बांधल्या आणि आम्ही गळ टाकून वाट पाहत बसलो. मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला. बोटांना बोटं लागली... आणि मी मेली अशा दिवशीही लाजले!

मग गळाच्या दोऱ्यावरचं बूच बुडालं. दुपारपर्यंत नऊ मासे झाले.

"जागा कुणाला सांगू नका हं," तो म्हणाला. "आजोबांची आहे. आम्ही फक्त घरच्यांना दाखवतो."

"मग मला का बसू दिलंत?"

तो दोऱ्याशी चाळा करत राहिला. 

संध्याकाळी डॅडींनी अख्खा मासा खाल्ला, काटे चोखून!

"कुठं मिळाला?"

"नाही सांगता येणार, डॅडी. ती एका घरची जागा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पोरगा कसा आहे?"

"चिडका आहे," मी म्हटलं, आणि रडूच फुटलं. "फार चांगला आहे."

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेले.

दफनाच्या वेळी हॉलिस इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या मागे उभा होता. मीच त्याच्याजवळ गेले.

"डॅडींनी त्यांची मासे धरायची जागा सांगितलीय मला. घरच्यांशिवाय कुणाला दाखवायची नाही, असं बजावलंय."

"बरोबरच आहे," तो खाली बघत म्हणाला. "मग... मला कशाला सांगताय?"

"उद्या पहाटे धक्क्यावर ये, हॉलिस. तुला दाखवायचीय."