सर, ब्रेक सोडा

घरात मला थापाड्या म्हणतात, हे मान्य आहे. पण ही थाप असती तर मी याहून बरी मारली असती. हे आमच्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि गाडी अजून खाली उभी आहे.

ताईला नववा महिना लागला होता. रविवार होता. संध्याकाळचे सव्वासहा... म्हणजे धड रात्रसुद्धा नव्हती.

आधी गाडीबद्दल सांगतो. ही गाडी मुळात ड्रायव्हिंग स्कूलची. दाजी स्वतः तिच्यावरच शिकले. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. दाजींना शिकवताना तो इतका वापरला गेला, की दाजींच्या पायाखालचा ब्रेक नवाच राहिला. शेवटच्या दिवशी सर म्हणाले होते, "गाडी जरूर घ्या. चालवू मात्र नका."

पुढे सरांचा मुलगा ती गाडी विकायला निघाला.

"सर कसे आहेत?" दाजींनी विचारलं.

"बाबा गेले. शिकवता शिकवता, याच सीटवर. ब्रेक दाबून गाडी कडेला थांबवली आणि मग गेले. शिकाऊ मुलीला वाटलं, रागावलेत."

दाजींनी गाडी घेतली. ताईला दवाखान्यात न्यायला दारात गाडी हवी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मुलाने जादा ब्रेक काढून दिला. शेजारच्या सीटपुढे पत्र्याला दोन भोकं तेवढी उरली.

आणि मागच्या ब्रेकलाइटचा बल्ब उडायला लागला.

दर पंधरा दिवसांनी.

गॅरेजवाला म्हणाला, "ब्रेकवर पाय ठेवून चालवता का हो?"

"मी नाही ठेवत."

"मग कोण ठेवतं?"

दोघंही हसले.

तर त्या रविवारी दाजी चौथा बल्ब बसवत होते, खाली पार्किंगमध्ये. गाडीची पाठ भिंतीकडे. डिकी उघडून त्यांनी आतलं अस्तर बाजूला केलं, होल्डर फिरवून बाहेर काढला, जुना बल्ब काढला, नवा दाबून फिरवला. पण हे काम एकट्याने पुरं होत नाही. बल्ब मागे, ब्रेक पुढे, आणि माणूस एकच. म्हणून ताई ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसली होती.

"लवकर आटपा हो. पोट स्टिअरिंगला टेकतंय."

"झालंच. दाब."

भिंत लाल झाली.

"सोड."

भिंत विझली.

"शाब्बास. पुन्हा दाब."

लाल.

"आता धरून ठेव. अस्तर लावतो."

डिकीचं झाकण वर होतं. पुढचं काही दिसत नव्हतं. दाजी दहा मिनिटं अस्तराशी झटत, बडबडत होते, भिंत लाल होती, सगळं छान चाललं होतं.

तेवढ्यात वरून हाक आली...

तिसऱ्या मजल्यावरून.

"अहो, मी पाणी प्यायला वर आलेय. कुणाशी बडबडताय?"

दाजी वाकलेले होते, तसेच राहिले.

भिंत लालच होती.

मग ते हळूच पुढे गेले. गाडीत कुणी नव्हतं. ड्रायव्हरचा ब्रेक वर, जागच्या जागी.

शेजारची सीट मात्र... दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते तशी.

"सोड," दाजी म्हणाले. मग चूक लक्षात आली. "सोडा."

भिंत विझली.

पळून जावं एवढंच त्यांना सुचत होतं. पण वरून पुन्हा हाक आली, आणि या वेळी आवाज वेगळा होता.

"अहो... माझं पाणी गेलं."

अँब्युलन्सवाले म्हणाले, पाऊण तास. ताई म्हणाली, पाऊण तास माझ्याकडे नाहीये. शेजारच्या काकूंनी तिला जिना उतरवून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतःही बसल्या. दाजींनी गाडी सुरू केली, गिअर टाकला.

गाडी हलेना.

आरशात भिंत लाल.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"ब्रेक लागलाय."

"मग काढा की."

"माझ्या हातात नाहीये हो."

ताई कण्हत होती. दाजींनी गाडी बंद करून परत सुरू केली. गिअर काढून परत टाकला. स्टिअरिंगवर बुक्की मारली. शेवटी रिकाम्या सीटकडे बघून हात जोडले.

"सर, ब्रेक सोडा. बायको आहे मागे. पाया पडतो."

काही नाही.

मग घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच आठवतं. दाजी मोठ्याने म्हणायला लागले, "गिअर न्यूट्रल, सर. आरसे बघितले, सर. हँडब्रेक खाली, सर."

भिंत लाल.

"अजून काय, सर?"

मागून ताई दात आवळून म्हणाली, "पट्टा लावा, मेल्यांनो."

दाजींनी पट्टा लावला.

भिंत विझली.

दवाखान्यापर्यंत गाडी ताशी विसाच्या वर गेली नाही. वेग वाढला की ब्रेक लागायचा. हळूच, शिकवल्यासारखा. सायकली पुढे जात होत्या. दाजी रडत रडत प्रत्येक वळणाला हात दाखवत होते.

मुलगी झाली. दवाखान्याच्या फाटकात, मागच्या सीटवर. दोघीही सुखरूप.

गाडी विकायला काढली, पण गिऱ्हाईक बसलं की ती जागची हलत नाही. म्हणून राहिली. दाजी अजून बल्ब बदलतात, आता एकटेच. "सर, दाबा," म्हणतात. "सर, सोडा," म्हणतात. माणूस कशालाही सरावतो.

मुलगी आता वर्षाची होईल. येत्या शुक्रवारी आम्ही सगळे तिला घेऊन बाहेरगावी जाणार आहोत.

सोमवारी दाजींनी नवा बल्ब बसवला. "दाबा" म्हणायच्या आधीच भिंत लाल झाली.

"सोडा" म्हटलं...

सोडला नाही.

आज बुधवार. दाजींनी पट्टा लावून सगळं म्हणून पाहिलं. बॅटरी काढून घरात आणून ठेवली, माझ्या पायाशीच आहे. खाली भिंत अजून लाल आहे.

काल दाजींनी मला विचारलं, "बसने जाऊ या का?"

मी पटकन हो म्हणालो.

पण तिकिटं अजून काढलेली नाहीत. कारण सर गाडी अडवतायत की आम्हाला, हे कुणालाच कळत नाहीये...

आणि बसमध्ये शेजारी सर नसणार.