दोऱ्याची रांग

साबणाच्या दुकानात पोरगी प्रेमात पडली असं सांगितलं तर ऐकणारा विचारेल, दुसरी जागा नव्हती का? नव्हती. बागेत हिंडायला रिकाम्यांना वेळ असतो. हिला विद्यापीठाने पंधरा वस्तूंची यादी देऊन बाजारात पिटाळलं होतं.

गुरुवार होता, सकाळचे दहा. बाहेर झिमझिम अशी, की छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडली तर केस भिजावेत. ती दुकानात शिरली तर समोर एक उंच तरुण उभा. कोटाचे खांदे ओले, हातात वही.

"मीठ केवढ्याला?" दुकानदाराने सांगितलं, त्याने लिहिलं. "काडेपेटी?" सांगितलं, लिहिलं. "आणि हीच काडेपेटी मागच्या गुरुवारी केवढ्याला होती?"

दुकानदाराने चष्मा नाकावर ओढला. "घ्यायचं आहे का काही?"

"नाही. नुसतं विचारतोय."

"मग बाजूला व्हा. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक पुढे झालं, पिशवीतून वही काढली आणि म्हणालं, "मीठ केवढ्याला?"

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक होतं ते पुरत नव्हतं वाटतं."

तो तरुण हसला. मान खाली घालून हसला, जणू ते हसू खिशात ठेवून द्यायचं होतं. तिला वाटलं, हसू चांगलं आहे, वापरत का नाही हा...

"तुम्ही पण बाईंच्या वर्गातल्या?" त्याने विचारलं.

"तुम्ही पण म्हणजे? मी दोन वर्षांपासून आहे. तुम्हीच नवे."

"मग यादीत पंधरावी वस्तू दोऱ्याचं रीळ का आहे, ते तुम्हाला माहीत असेल. दोऱ्यावरून कुठल्या देशाची काय परीक्षा होणार?"

"दोरा मी घालायला लावला," ती म्हणाली. "ज्याच्या अंगावरचं बटण एका टाक्यावर लोंबतंय त्याने दोऱ्याला हसू नये."

त्याने कोटाकडे पाहिलं. बटण खरंच लोंबत होतं.

आता ही कोण आणि तो कोण ते सांगते. हिला वर्गात टाचणी म्हणत. आई शिवणकाम करणारी, घरात पाऊल टाकाल तिथे टाचणी सापडायची, आणि हिची जीभही त्याच डबीतली. तो नदीपलीकडच्या देशातून एका वर्षासाठी शिकायला आलेला. त्याला सगळे शेजारी म्हणत.

विषय होता शेजारच्या देशांचे आर्थिक कारभार तपासून पाहायचा. शिकवणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या आणि कडक. त्यांचा नियम असा की आपल्या देशावर कोणी लिहायचं नाही, समोरच्याच्या देशावर लिहायचं. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लिहिणारे पुष्कळ आहेत," बाई म्हणायच्या. "तुम्ही जरा दुसऱ्याचं कार्टं मांडीवर घ्या." आणि बाईंनी जोड्या लावल्या तेव्हा टाचणीच्या मांडीवर शेजाऱ्याचा देश आला आणि शेजाऱ्याच्या मांडीवर टाचणीचा.

मग काय, वर्षभर दोघं खिडकीजवळच्या एकाच बाकावर. ती विचारणार, तो सांगणार.

"तुमच्याकडे साबणाची किंमत कोण ठरवतं?"

"सरकार. दुकान सरकारचं, साबण सरकारचा. बादलीच्या तर बुडावरच किंमत ओतलेली असते. बादली गळायला लागते, किंमत तीच."

"आमच्याकडे सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी. आणि मग तुमच्याकडे साबण कमी आला की?"

"रांग वाढते. तुमच्याकडे किंमत वाढते, आमच्याकडे रांग. फरक एवढाच."

"एवढाच? मी नसते उभी राहिले बाई. मला चहा निवेपर्यंत धीर धरवत नाही, जीभ पोळते रोज."

"माहीत आहे," तो म्हणाला. "रोज बघतो."

तो हे इतक्या हळू म्हणाला की तिने पेन्सिलीला टोक नसतानाही टोक काढायला घेतलं.

रांगेच्या किती गोष्टी त्याच्याकडे होत्या. रांगेत त्याच्या आत्याने अख्खा स्वेटर विणला होता. रांगेत पिशवी ठेवून माणूस दुसरं काम करून येतो आणि पिशवीची जागा कोणी घेत नाही. "रांगेत माणसाला कळतं," तो म्हणायचा, "आपल्याला ती वस्तू खरंच हवी आहे का. नको असली की माणूस आपोआप घरी जातो." त्यावरून तिने आपल्या तक्त्यात एक नवा रकाना पाडला: थांबण्याचा वेळ. किती मिनिटं उभं राहिल्यावर वस्तू हातात पडते. बाई पहिल्यांदा खूश झाल्या. तिच्या देशाच्या बाजूला त्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. त्याच्या बाजूला साबणाला वीस, साखरेला पस्तीस, विजेच्या दिव्याला कधी दहा तर कधी पन्नास. दोऱ्याला मात्र तिथेही शून्य. दोऱ्यासाठी कोण उभं राहतं?

मधेच कधीतरी तिने त्याचं बटण लावून दिलं. कोट अंगावरच होता. दोरा तोडायला ती वाकली आणि दातांनी तोडला. त्या दिवशी तक्त्यातलं एक घर रिकामं राहिलं. पण "तुम्ही"चं "तू" झालं ते त्याच दिवशी.

वर्ष संपायला किती वेळ लागतो? बोलता बोलता संपतं. त्याचा परवाना संपला आणि ती त्याला पुलाच्या बसपर्यंत सोडायला गेली. तुलना आणखी सात महिने चालायची होती. दर गुरुवारी सकाळी दहाला दोघांनी आपापल्या गावातल्या दुकानात जायचं, तक्ता भरायचा आणि विद्यापीठाच्या थैलीतून एकमेकांना पाठवायचा.

"गुरुवारी दहाला मी दुकानात असेन," तो बसच्या पायरीवरून म्हणाला. "तू पण असशील ना?"

"असेन की. नियमच आहे."

"हो. मग त्या वेळी आपण..."

बसवाल्याने दार ओढलं. आपण काय? मेल्या, वाक्य तरी पुरं करायचंस. तिने ते वाक्य सात महिने डोक्यात घोळवलं.

पत्र लिहावं म्हटलं तर सोय नव्हती. विद्यापीठाची थैली दोन्हीकडचे कारकून उघडायचे. तक्त्यावर आकड्यांखेरीज एक अक्षर दिसलं की तक्ता परत. टपाल पलीकडे पोहोचलं तर पोहोचलं. टेलिफोन करायचा तर कार्यालयात जाऊन, चार माणसांच्या देखत ओरडत. तेव्हा उरले ते आकडे. साबण बावीस मिनिटं. साखर चाळीस. तिने आकड्यांवरूनही माणूस ओळखायला शिकून घेतलं. साताला मधे आडवी रेघ मारायची त्याची लकब होती. ज्या आठवड्यात सात यायचे नाहीत तो आठवडा तिला उदास जायचा.

पण गुरुवार... गुरुवारी ती अर्धा तास आधी तयार. दहाचा ठोका पडला की साबणाच्या कपाटासमोर उभी. आता तो पण उभा असेल. आता त्याने मान खाली घातली असेल. दुकानदार आता कुरकुरायचा नाही, स्वतःच भाव सांगायचा, आणि वर एकदा म्हणाला, "तो दुसरा कुठे गेला? उगाच विचारायचा, पण चांगला विचारायचा."

आईच्या नजरेतून काय सुटतं? तिची शाळा चार इयत्तांत संपली होती, पण माप नजरेने घ्यायची.

"चेहरा इतका उसवलाय, तो कोणासाठी?" मशीन चालवता चालवता आई म्हणाली.

"कोणासाठी नाही."

"शब्द दिलाय का त्याने?"

"नाही."

"तू दिलास?"

"नाही."

"मग दोघंही मुके, आणि आकडे कसले पाठवता? माप न घेता कापड कापू नये, एवढं तरी कळायला हवं शिकल्यासवरल्यांना."

टाचणीची जीभ बोथट झाली असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

सातवा महिना सरत आला तशी ती निबंध घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी पानं उलटली, मान डोलावली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"दोरा. थांबण्याचा वेळ तीस मिनिटं."

"इथे असताना तोच म्हणाला होता ना, दोऱ्याला शून्य? आणि आता दर आठवड्याला तीस. साबण वरखाली होतोय, साखर होतेय, दोरा मात्र सात महिने ठोकळ्यासारखा तीस. खऱ्या बाजारात आकडा इतका सरळ उभा राहत नाही. एक तर तो घरी बसून लिहितोय, नाहीतर..." बाई थांबल्या. "नाहीतर काय ते तू पलीकडे जाऊन बघून ये. एका दिवसाचा परवाना मिळवून देते. ही ओळ खरी ठरल्याशिवाय मी निबंध घेणार नाही."

ती घरी आली ती पाय ओढत. म्हणजे तो जातच नव्हता दुकानात? ती दर गुरुवारी इथे कपाटासमोर उभी राहून त्याला डोळ्यांपुढे आणत होती, आणि तो गादीवर लोळत तीस-तीस लिहीत होता? निबंध गेला चुलीत. सात महिने खोटे निघाले तर काय करायचं?

गुरुवारी पहिल्या बसने ती पुलावर पोहोचली. शिक्का मारणारा शिपाई आळसावलेला. ती पलीकडे उतरली तेव्हा तिच्या मनगटावर साडेनऊ वाजले होते. चौकीवरच्या घड्याळात दहा.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," ती शिपायाला म्हणाली.

"घड्याळ नाही, देश पुढे आहे," शिपाई म्हणाला. "अर्धा तास. पहिल्यांदाच आलात का?"

त्या देशावर हिने चाळीस पानं लिहिली होती. त्याची साखर माहीत, काडेपेटी माहीत, बादलीचं बूड माहीत. त्याचे किती वाजलेत तेवढं माहीत नव्हतं.

तिने बोटांवर मोजलं. म्हणजे इथले दहा वाजतात तेव्हा आपले साडेनऊ. म्हणजे आपण दर गुरुवारी दहाला उभ्या राहायचो तेव्हा त्याचं सगळं उरकलेलं असायचं. एकदाही, एका मिनिटासाठीही, दोघं एका वेळी उभी नव्हती. आणि आज पण तो दहाला येऊन निघून जाणार.

ती धावली. रस्ता विचारत, चुकत, पुन्हा विचारत. सरकारी दुकान सापडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. साबणाची रांग दारापर्यंत आलेली. ती रांगेतून चेहरे शोधत गेली. तो नव्हता.

"पोरी, मधे घुसू नकोस," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"घुसत नाही आजी. एकाला शोधतेय. उंच आहे. वहीत लिहितो."

"तो होय?" म्हातारीने हनुवटीने कोपरा दाखवला. "त्याचं घेऊन झालंय केव्हाच. तो अर्ध्या तासाचा आहे."

"म्हणजे?"

"दर गुरुवारी दुकान उघडताच येऊन सगळं घेतो आणि मग दहाच्या ठोक्यापासून त्या दोऱ्याच्या फळीपुढे अर्धा तास उभा राहतो. तिथे रांग नाही, काही नाही. साडेदहा झाले की रीळ उचलतो आणि जातो. आम्ही विचारलं, तर म्हणे, पलीकडे आता दहा वाजले."

तो पाठमोरा होता. तोच कोट. बगलेत पुडकं, नजर घड्याळावर. ती जाऊन त्याच्या मागे उभी राहिली. श्वास अजून लागलेलाच.

"रांग आहे का ही?" तिने विचारलं.

"हो," तो घड्याळावरून नजर न काढता म्हणाला. "माझ्यामागे तुम्हीच."

"कशाची?"

"दहा वाजायची..." आणि मग तो आवाज त्याला कळला. वळला तो इतका हळू, जणू जोरात वळलं तर मागे कोणी नसेल.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. साबणाची अख्खी रांग त्या दोघांकडे.

"बाईंना आकडा खोटा वाटला," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"खोटा नाही. तीस मिनिटं उभा राहतो, तीस लिहितो."

"पण दोऱ्यासाठी नाही ना उभा राहत."

"कारकून फक्त आकडे जाऊ देतात. तुझा रकाना होता, थांबण्याचा वेळ... म्हटलं, टाचणीला समजेल."

"मला तुझ्या देशाची वेळच माहीत नव्हती."

तो मान खाली घालून हसला. "मग सात महिने मी भिंतीशी बोलत होतो म्हणायचं."

"बसमध्ये चढताना काय म्हणत होतास? त्या वेळी आपण... काय?"

"आपण एकत्र असू." त्याने घड्याळाकडे बोट केलं. साडेदहा वाजत होते. तिच्या मनगटावर दहा. "हे बघ. झालो."

परवाना संध्याकाळपर्यंतचा होता. त्याने तिला नदीकाठी नेलं, चहा पाजला, आणि तिने तो निवेपर्यंत धरून ठेवला. त्याने सांगितलं की तिच्या विद्यापीठात दोन वर्षं संशोधन करायचा अर्ज त्याने केलाय. "पण आमच्याकडे अर्जालाही रांग असते. पुढे एक्केचाळीस जण आहेत. वर्ष लागेल. कदाचित दीड. तू थांबू शकणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून सांगितलं नव्हतं."

तिने कप खाली ठेवला. "माझ्या वतीने ठरवायला तू सरकार आहेस का?"

"नाही."

"मग गप बस. आणि दर गुरुवारी तीसच लिहीत जा. एकोणतीस आलं तर मला इथे यावं लागेल."

बस सुटली तेव्हा या वेळी त्याने वाक्य पुरं केलं. काय म्हणाला ते इथे लिहायचं नाही. तिने ते कोणालाच सांगितलेलं नाही.

बाईंनी ती ओळ खरी मानून निबंध घेतला आणि तक्ता पुढेही चालू ठेवायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती साडेनऊला दुकानात गेली. त्याचे दहा. दहापर्यंत थांबली. घरी येऊन तक्ता भरायला बसली, आणि आपल्या देशाच्या रकान्यात, जिथे जन्मापासून शून्य होतं तिथे, दोऱ्यासमोर तिने लिहिलं: तीस.

आईने खांद्यावरून वाकून पाहिलं. अक्षरं तिला लागत, आकडे त्याहून बरे.

"दोऱ्याला कुठली आलीय रांग?"

"आहे, आई. पुढे एक्केचाळीस जण आहेत."

आई मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला, टोक दाताने तोडलं आणि म्हणाली, "मग नीट उभी राहा. मधे कोणाला घुसू देऊ नकोस."